नगर जिल्ह्याचे पाटपाणी आणि गोदावरीमुखाचा प्लवकबहर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नेवासे तालुक्यात टोके गावाजवळ प्रवरा नदी गोदावरीस मिळते. प्रवरासंगम या नावाने हे स्थान तीर्थक्षेत्र म्हणून परिचित आहे. आज तेथे वाहत्या नद्यांचा संगम क्वचितच दिसतो. दिसतो तो पैठणच्या नाथसागराचा फुगवटा. संगमाच्या घाटावरून पाहणाऱ्यास पुढचे सर्व पाणी एकच वाटते. तथापि याच पाण्यातून अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी व नेवासे या तालुक्यांतील जमिनींनी दिलेले आणि टाकून दिलेले बरेच काही विरघळून पुढे जात असते.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्र १७,०४८ चौ. किमी. आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. जिल्ह्याच्या इतिहासलेखनात निजामशाही, मराठ्यांचा काळ, स्वातंत्र्यलढा आणि सहकारी चळवळ यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. पाण्याचा इतिहासही लिहिला गेला. मात्र तो बहुतांशी धरणाच्या भिंतीपासून शेताच्या बांधापर्यंतचा आहे. बांधाबाहेर पडलेल्या पाण्याचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत फारसा आला नाही. तो कृषिरसायनाचा किंवा सागरविज्ञानाचा विषय मानला गेला आणि या दोन विद्याशाखांमध्ये सुमारे हजार किलोमीटरचे अंतर पडले.

किनाऱ्यालगतच्या समुद्रात ठरावीक ऋतूंत सूक्ष्म वनस्पतींची, म्हणजे वनस्पतिप्लवकांची, एकाएकी विपुल वाढ होते. तिला प्लवकबहर म्हणतात. मासळीची सारी अन्नसाखळी या बहरावर उभी असते. परंतु बहर अवाजवी झाला अथवा त्यातील जाती बदलल्या, तर तोच पाण्यातील प्राणवायू संपवून मासळीच्या मुळावर येतो. बहर केव्हा यावा आणि कोणत्या जातींचा यावा, हे प्रकाशाबरोबरच पाण्यातील पोषकद्रव्यांवर ठरते. ही द्रव्ये ज्या वाटांनी समुद्रात येतात त्यांपैकी नदी ही एक वाट आहे. एका भूवेष्टित जिल्ह्याच्या सिंचन-इतिहासाचा या वाटेशी नेमका किती आणि कोणत्या स्वरूपाचा संबंध पोहोचतो, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

नद्या आणि कातळ

जिल्ह्याची पश्चिम सीमा सह्याद्रीच्या माथ्यावरून जाते. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, तर मुळा हरिश्चंद्रगड व रतनगड यांच्या दरम्यानच्या डोंगराळ भागात. घाटघर-रतनवाडी परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेस नगर शहरात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. उत्तरेकडील पाणी प्रवरा, मुळा व खुद्द गोदावरी यांतून, तर दक्षिणेकडील पाणी सीना व भीमा यांतून कृष्णेद्वारे अखेर बंगालच्या उपसागराकडे जाते. कोकणकड्यावरून समुद्र जवळ वाटतो खरा, पण तो अरबी समुद्र आणि नगरच्या नद्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आहे. याला एक अलीकडचा मानवनिर्मित अपवाद घाटघरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा: त्याचा वरचा जलाशय प्रवरेच्या खोऱ्यात व खालचा शहापूर तालुक्यात उल्हासच्या खोऱ्यात असून पाणी दोहोंमध्ये वर-खाली केले जाते.

या नद्यांची पहिली देणगी मानवनिर्मित नाही. संपूर्ण पाणलोट दख्खनच्या काळ्या बेसाल्ट कातळावर आहे. उष्ण व दमट हवेत हा कातळ तुलनेने लवकर झिजतो आणि त्यातून विरघळलेली सिलिका नदीत उतरते. वनस्पतिप्लवकांमधील करंडक, म्हणजेच डायाटम, हा वर्ग आपले कवच सिलिकेचेच बनवतो. त्यास वाढीसाठी नत्राइतकीच सिलिका लागते. साधारणपणे नत्राच्या एका अणूमागे सिलिकॉनचा एक. इतर बहुसंख्य प्लवकांना ती लागत नाही. त्यामुळे पाण्यात सिलिका पुरेशी असेल तर करंडकांचा बहर येतो आणि नत्राच्या मानाने ती अपुरी पडली तर त्यांची जागा इतर वर्ग घेतात. कालवे व खते येण्यापूर्वी दख्खनच्या नद्यांत सिलिका मुबलक आणि नत्र बेताचे असावे, असा तर्क कातळाच्या व जिराईत शेतीच्या स्वरूपावरून करता येतो. त्या काळच्या नदीजलाच्या रासायनिक परीक्षणांवर तो आधारलेला नाही, ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे.

कालव्यांचा काळ

१८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या अहमदनगर खंडात प्रवरेवरील लाख व ओझर येथील कालव्यांचा आणि भातोडी तलावाचा वृत्तांत आहे. ही कामे लहान होती. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर मात्र सरकारी धोरण बदलले. १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने दख्खनमध्ये दुष्काळनिवारक कामांचा पुरस्कार केला. नाशिक जिल्ह्यातील दारणा धरण व नांदूर मधमेश्वर येथील बंधारा यांच्या आधारे गोदावरी कालवे कोपरगाव भागात आले. प्रवरेवर भंडारदरा येथील धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास दिले गेले. सुमारे ११ टीएमसी साठवणुकीच्या या धरणातून सोडलेले पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या व उजव्या कालव्यांत वळू लागले.

दुष्काळात बाजरी-ज्वारी वाचावी हा या कामांचा उद्देश; प्रत्यक्षात पाण्यावर ऊस आला. कालव्यांच्या मागोमाग सासवडकडील माळी बागायतदार गोदावरी व प्रवरा कालव्यांवर येऊन स्थिरावले, तर हरेगाव येथे बेलापूर कंपनीने मोठ्या क्षेत्रावर ऊस लावून साखर कारखाना चालविला. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याने विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली १९५० अखेर पहिला गळीत हंगाम सुरू केला, हा भाग सर्वश्रुत असल्याने त्याची पुनरुक्ती येथे नको. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे २६ टीएमसीचे मुळा धरण झाले आणि उसाचे क्षेत्र दक्षिणेकडेही पसरले.

या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण निचऱ्याचे आहे. खोल काळ्या जमिनीत बारमाही पाणी दिल्यावर भूजलपातळी वर चढली आणि काही वर्षांतच सखल भागातील जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांवरील अशा जमिनींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यावरचा उपाय चर खोदून निचरा करण्याचा होता. निचऱ्याच्या चराकडे शेतीच्या इतिहासात केवळ जमीन-सुधारणेचे साधन म्हणून पाहिले जाते. नदीच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होता. पूर्वी शेतातील क्षार व पोषकद्रव्ये जमिनीतच फिरत राहत. चरामुळे त्यांना ओढ्याकडे, ओढ्यातून नदीकडे जाण्याचा कायमचा मार्ग मिळाला. उन्हाळ्यातही थोडे थोडे वाहणारे पाझराचे पाणी ही कालव्याखालच्या मुलखातील नवी गोष्ट होती आणि ते पाणी क्षारयुक्त होते.

शेणखतापासून सुफलापर्यंत

उसाला खत देण्याची जुनी रीत शेणखत, मेंढ्या बसवणे, सोनखत आणि करंज किंवा भुईमुगाची पेंड अशी होती. पुण्याजवळ मांजरी येथील सरकारी प्रक्षेत्रावरील प्रयोगांतून ऊसलागवडीची जी 'मांजरी पद्धत' रूढ झाली तिच्यात पेंडीच्या जोडीला अमोनियम सल्फेट आले. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाहेरून येणारे नत्र मर्यादितच होते. १९५१-५२ मध्ये संपूर्ण भारताचा नत्र, स्फुरद व पालाश मिळून रासायनिक खतांचा वापर सुमारे ६६ हजार टन होता. सिंद्रीचा खतकारखाना १९५१ मध्ये, तर तुर्भ्याचा १९६५ मध्ये उत्पादन करू लागला आणि 'सुफला'च्या गोण्या सहकारी सोसायट्यांच्या गोदामांत आल्या. २०२०-२१ मध्ये देशाचा वापर सुमारे ३ कोटी २५ लाख टनांवर पोहोचला होता. सत्तर वर्षांत जवळपास पाचशेपट झालेली ही वाढ सर्व पिकांवर सारखी वाटली गेली नाही. ओलिताच्या नगदी पिकांकडे तिचा ओघ अधिक राहिला.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आडसाली उसासाठीची हेक्टरी शिफारस ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी राहिली आहे. या आकड्यांचे समुद्राच्या परिभाषेत रूपांतर करून पाहण्यासारखे आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की, समुद्रातील प्लवकांच्या शरीरात आणि सागरजलातही नत्र व स्फुरद एका ठरावीक प्रमाणात आढळतात; पुढे ते प्रमाण सोळा अणूंस एक असे स्थिर मानले गेले. खताच्या भाषेतील १७० किलो स्फुरद म्हणजे मूलद्रव्याच्या रूपात सुमारे ७४ किलो. त्या हिशेबाने आडसाली उसाच्या खतातील नत्र-स्फुरदाचे अणुप्रमाण साधारणपणे बारास एक येते. म्हणजे पिशवीतील खत प्लवकांच्या गरजेपासून फार दूर नाही. परंतु पिशवीतील प्रमाण आणि ओढ्यातील प्रमाण एक नव्हे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद घट्ट धरून ठेवला जातो, नायट्रेटरूपी नत्र मात्र पाण्याबरोबर सहज खाली व बाहेर जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत जिल्ह्यातील अनेक ठिकाणच्या विहिरींत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याची नोंद आहे, ती याच प्रक्रियेची साक्ष म्हणता येईल. खतात सिलिका नसतेच. उलट ऊस हे सिलिका भरपूर शोषणारे पीक आहे. त्यामुळे शेताबाहेर पडणारे पाणी नत्राने जड आणि इतर दोन बाबतींत त्या मानाने हलके होत गेले.

साखर कारखान्यांचे सांडपाणी व आसवन्यांचे मळीमिश्रित पाणी यांनी ओढे-नाले काळे झाल्याच्या तक्रारी हा स्वतंत्र विषय आहे. त्याचा उपद्रव मुख्यतः स्थानिक आणि तत्काळ असतो. प्रस्तुत विवेचनात शेतातून मूकपणे झिरपणारे नत्र अधिक महत्त्वाचे ठरते.

समुद्राकडील बाजू

जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ मध्ये 'प्लँक्टन' हा शब्द रूढ केला. त्यांचे सहकारी कार्ल ब्रांट यांनी शतकाच्या अखेरीस एक महत्त्वाचे पाऊल टाकले: शेतीतील पीक ज्या अन्नद्रव्याची सर्वाधिक कमतरता असेल त्यावर अवलंबून राहते, हा लीबिग यांचा नियम त्यांनी समुद्रातील प्लवकांस लावला. म्हणजे किनारी बहराचे विज्ञान आरंभापासूनच कृषिरसायनाचे ऋणी आहे. नगरसारख्या जिल्ह्याचा इतिहास त्याला जोडताना बळेच दूरचा दुवा शोधावा लागत नाही, तो येथे तयारच आहे.

गोदावरीच्या मुखाकडील किनाऱ्यावर पद्धतशीर सागरी अभ्यास स्वातंत्र्यानंतर सुरू झाला. १९५२ मध्ये अमेरिकी सागरवैज्ञानिक ई. सी. लाफाँड वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात आले. त्यांच्या सहवासात तेथील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी लहान नौकांतून तापमान, क्षारता व प्लवक यांची निरीक्षणे घेतली. प्राणिशास्त्र विभागात पी. एन. गणपती यांनी प्लवकांच्या ऋतुमानाचा अभ्यास चालविला. या कामातून जे चित्र पुढे आले ते आजही पायाभूत मानावे लागते. विशाखापट्टणम किनाऱ्यावर वर्षातून दोन बहर दिसून आले. मोठा बहर उन्हाळ्याच्या तोंडाशी, साधारण मार्च ते मे या महिन्यांत. लहान बहर पावसाळा सरल्यावर.

मोठ्या बहराचे कारण नदी नव्हे. त्या दिवसांत नैर्ऋत्येकडील वारे किनाऱ्याला समांतर वाहू लागतात, पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्या वेळी गोदावरी समुद्रास जवळपास काहीच देत नसते. म्हणून या बहराशी नगरच्या उसाचा संबंध जोडणे चूक ठरेल. पर्यावरणविषयक लेखनात नदी, खत व सागर यांची साखळी इतक्या सहजतेने ओवली जाते की हा भेद नजरेआड होतो.

लहान बहराचे मात्र तसे नाही. त्याचे स्वरूप स्पष्ट होण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे विशाखापट्टणम येथे प्रादेशिक केंद्र आहे. तेथील व्ही. व्ही. एस. एस. शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ पासून गोदावरीच्या गौतमी शाखेच्या मुखात सलग निरीक्षणे घेतली. पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये, पूर आला की नदीमुख जवळपास गोडे होते. त्या पाण्यात नत्र व सिलिका भरपूर असतात, तरीही प्लवक वाढत नाहीत. गढूळपणामुळे प्रकाश खाली पोहोचत नाही आणि प्रवाह इतका वेगवान असतो की पेशी दुप्पट होण्याआधीच समुद्रात वाहून जाते. पूर ओसरला, गाळ खाली बसला, पाणी मुखात थोडे रेंगाळू लागले, की त्याच पोषकद्रव्यांवर बहर येतो. पोषकद्रव्ये ही बहराची पूर्वअट होय. तो केव्हा यावा हे प्रवाहाच्या ओहोटीवर ठरते.

२००९ च्या अवर्षणाने या निष्कर्षास जणू प्रयोगाचे रूप दिले. त्या वर्षी मान्सून अपुरा पडला आणि गोदावरीचा विसर्ग घटला. पाणी कमी म्हणजे पोषकद्रव्ये कमी, म्हणून बहरही कमी, अशी अपेक्षा सामान्यतः केली जाईल. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने नेमके उलट दाखविले: घटलेल्या विसर्गामुळे नदीमुखातील बहर अधिक तीव्र झाला. पाणी अडले, स्थिर झाले, निवळले आणि प्लवकांना वेळ मिळाला. धरणांच्या इतिहासाकडे सागरी दृष्टीने पाहणाऱ्यास या एका वर्षाइतका बोलका पुरावा दुसरा मिळणे कठीण.

मधले अडथळे

येथवरच्या विवेचनावरून नगरच्या शेतातून निघालेले नत्र थेट गौतमीच्या मुखाशी पोहोचते असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. १,४६५ किलोमीटर लांबीच्या गोदावरीचे एकूण खोरे ३,१२,८१२ चौ. किमी. आहे, पैठणपर्यंतचे पाणलोट क्षेत्र त्याच्या जेमतेम सात टक्के. शिवाय हा भाग बहुतांशी पर्जन्यछायेतील असून समुद्रापर्यंत जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा प्राणहिता, इंद्रावती व शबरी या पूर्वेकडील उपनद्यांचा असतो. त्यातही नगर जिल्हा व समुद्र यांच्यामध्ये पैठण, विष्णुपुरी, श्रीरामसागर यांसारखे जलाशय आणि अखेरीस आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पूर्ण केलेल्या धवळेश्वरम बंधाऱ्याच्या जागी उभा असलेला नवा बंधारा आहे.

यांतील पहिला व या जिल्ह्याच्या दृष्टीने निर्णायक अडथळा जायकवाडी प्रकल्पाचा. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचे उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी केले. एकूण १०२ टीएमसी साठवणुकीचा नाथसागर विस्ताराने प्रचंड पण सरासरीने उथळ आहे. त्याच्या पाण्याखाली नेवासे व शेवगाव तालुक्यांतील गावे व सुपीक जमिनी गेल्या. समुद्राकडे जाणारी पोषकद्रव्ये येथे प्रथम थांबतात. उथळ, उन्हाने तापणाऱ्या, संथ पाण्यात जे गौतमीच्या मुखात पूर ओसरल्यावर घडते तेच घडण्यास अनुकूल परिस्थिती वर्षातील बराच काळ असते. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या जलाशयाची मासळी व पाणपक्षी यांची समृद्धी काही अंशी याच अडलेल्या पोषकद्रव्यांची देणगी होय. वरच्या अंगाला नांदूर मधमेश्वरचा गाळाने भरलेला, २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाल्याचे जाहीर झालेला उथळ तलाव हे याचेच लहान रूप. नगरच्या ऊसशेतीचा 'किनारा' प्रथमतः नाथसागराचा आहे, बंगालच्या उपसागराचा नंतर, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मात्र जलाशय सर्व द्रव्ये सारखी अडवीत नाही, आणि येथेच धरणांचा खरा प्रभाव दिसतो. गाळ जवळपास सगळा बसतो. गाळाच्या कणांना चिकटलेला स्फुरद त्याच्याबरोबर जातो. जलाशयातील करंडक विरघळलेली सिलिका कवचात बांधून मरतात व तळाशी साचतात; त्या कवचांतील सिलिका अतिशय सावकाश परत विरघळते. नत्राचाही काही भाग तळगाळातील जिवाणूंच्या क्रियेने वायुरूपात निघून जातो, परंतु खालच्या मुलखातील शेते त्याची भर पुन्हा घालतात. सिलिकेची भर कोणीही घालीत नाही. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत येणारा गाळ १९७१-७९ या काळातील सुमारे १५ कोटी टनांवरून १९९०-९८ मध्ये सुमारे ५.७ कोटी टनांवर आल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले. हा परिणाम संपूर्ण खोऱ्यातील धरणांचा आहे, एकट्या पैठणचा नव्हे. त्या अभ्यासाचा रोख किनाऱ्याची धूप हा होता; पण गाळ कमी म्हणजे मुखाशी पाणी लवकर निवळणे आणि बहराला आवश्यक प्रकाश लवकर मिळणे, हा त्याचा दुसरा अर्थ सागरजीवशास्त्राच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे.

प्रमाण बिघडल्याने काय होते, याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण युरोपातील आहे. डॅन्यूब नदीवर रुमानिया व युगोस्लाव्हिया यांच्या सीमेवरील 'आयर्न गेट्स' धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. १९९७ मध्ये क्रिस्टोफ हंबोर्ग व सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, त्यानंतर काळ्या समुद्रात येणारी सिलिका सुमारे दोन-तृतीयांशाने घटली, खतांमुळे नत्र वाढत गेले आणि किनारी बहरांत करंडकांऐवजी इतर प्लवकांचे प्राबल्य झाले. सिलिकेच्या घटीचे श्रेय एकट्या त्या धरणास देण्याबाबत नंतर शंका घेतल्या गेल्या. वरच्या खोऱ्यातील असंख्य लहान जलाशयांचा वाटा अधिक असावा असे पुढील अभ्यासांनी सुचविले. ही दुरुस्ती दख्खनच्या संदर्भात विशेष मननीय आहे. येथेही एका मोठ्या धरणापेक्षा भंडारदरा, मुळा, निळवंडे, दारणा, गंगापूर आणि अगणित कोल्हापुरी बंधारे व पाझर तलाव यांची बेरीज हाच खरा इतिहास आहे. गोदावरीच्या मुखाशी काळ्या समुद्रासारखा बदल झाला असे मात्र यावरून म्हणता येत नाही. बेसाल्ट कातळ व पूर्वेकडील उपनद्या यांच्यामुळे तेथे सिलिकेचा पुरवठा अद्याप उदार आहे.

पाणीवाटप आणि त्यातील अनुल्लेख

नगर-नाशिक व मराठवाडा यांच्यातील पाणीतंटा हा या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत कडवट अध्याय. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मध्ये झाला. त्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला. दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा त्याचा गाभा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या व्यवस्थेस मान्यता दिली. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा दोन्ही बाजूंनी आंदोलने व न्यायालयीन लढाई झाली.

या सर्व वादात पाणी टीएमसीमध्ये मोजले गेले. त्याबरोबर किती नायट्रेट खाली गेले, किती सिलिका वर अडून राहिली, हा प्रश्न मुख्य वादाच्या केंद्रस्थानी आला नाही. वरच्या बागायतदाराची बाजू अशी की पाणी सोडणे म्हणजे वाटेत वाया घालविणे. खालच्या शेतकऱ्याची अशी की वरच्यांनी हक्काचे पाणी अडविले. दोघांच्याही मांडणीत नदी म्हणजे घनफळ होते. समुद्रात जाणारे पाणी 'वाया जाते' हे वाक्य तर पक्षभेद न पाळता सर्वांच्या भाषणांत आढळते. आंध्र किनाऱ्यावरील कोळ्यांची कोळंबी व मासळी ज्या बहरावर वाढते, तो याच 'वाया' गेलेल्या पाण्यावर अवलंबून आहे, ही गोष्ट पाणीवाटपाच्या राजकारणात अजून शिरलेली नाही. उलट बाजूस, नदीमुखाच्या अभ्यासांत वरच्या खोऱ्याचा उल्लेख बहुधा 'धरणांनी नियंत्रित' एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. त्या दोन शब्दांमागे ओझरचा बंधारा, इंग्लिसचे चर, लोणीचा कारखाना आणि राहुरीची शिफारस आहे.

वरच्या खोऱ्यात १५ ऑक्टोबरला साठ्याचा हिशेब मांडला जातो. आडसाली उसाला तोवर नत्राचे सुरुवातीचे हप्ते देऊन झालेले असतात आणि परतीचा पाऊस झाला असेल तर चरांना पाणी असते. त्याच सुमारास खाली धवळेश्वरम बंधाऱ्यावरील विसर्ग कमी होत जातो, गौतमीच्या मुखातील गाळ बसू लागतो आणि पाण्याचा तांबूस रंग हळूहळू हिरवट होत जातो.